शाईतल्या पाइनखाली

डोंबिवलीत थंडी आधी फरशीत येते. सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला की कळतं. मग दोन-चार दिवसांत मटार स्वस्त होतो, फडके रोडवरच्या दुकानांबाहेर काळ्या साड्या लटकायला लागतात, आणि आमच्या खिडकीतून समोरची बिल्डिंग अर्धीच दिसते. खालचे तीन मजले पांढऱ्यात बुडालेले, वरचे चार नुसतेच हवेत. हे काही खरं धुकं नव्हे. धूर, धूळ, बांधकामांची माती, सगळं मिसळून थंडीत खाली बसतं आणि अकरापर्यंत हलत नाही. घसा खवखवतो. तरी या वर्षी ती अर्धी बिल्डिंग पहिल्यांदा दिसली तेव्हा मी टूथब्रश तोंडात धरून खिडकीत उभीच राहिले. मागचा हिवाळा आठवला. मागच्या हिवाळ्यात मी रोज आठ तास चिनी चित्रांतली पाइनची झाडं बघत होते, आणि त्या झाडांचे बुंधेही असेच मध्येच नाहीसे व्हायचे.

माझं काम काय आहे हे सांगताना मी गडबडते, म्हणून बहुतेकांना "कंप्यूटरचं" म्हणून सोडून देते. बाहेरच्या देशातलं एक संग्रहालय आपल्याकडची चित्रं इंटरनेटवर ठेवतं. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांना कंप्यूटर ते चित्र वाचून दाखवतो. तो जे वाचतो ते आमची टीम लिहिते. इंग्लिशमध्ये, साठ शब्दांच्या आत. बुधवारी ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात जायचं, बाकीचे दिवस घरून. नियम एकच, पण कडक: दिसतं तेवढंच लिहायचं. सुंदर, उदास, भव्य असलं काही नाही. ते ऐकणाऱ्याचं त्याला ठरवू द्यायचं. माझ्यासारखीला हे काम बरं आहे. मला काय वाटलं ते कोणी विचारत नाही, आणि सांगितलं तर खोडून टाकतात.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मला पाइनची झाडं मिळाली. दोनशेच्या वर चित्रं, सगळी काळ्या शाईतली. काही कागदावर, काही रेशमावर, आणि रेशीम इतकं जुनं की त्याचा रंग चहासारखा झालेला. पहिल्या दिवशी मी एका चित्राला लिहिलं, "अ लोनली पाइन ऑन अ क्लिफ." ऋतुजाचा फोन आला. ती आमची सीनियर, माझ्याहून दोन वर्षांनी लहान.

"लोनली म्हणजे काय गं?"

"एकटं झाड आहे ना."

"एक झाड आहे. एकटं आहे हे तुला कोणी सांगितलं? त्याने?"

मी "लोनली" काढून "सिंगल" केलं. तिचं बरोबरच होतं. पण त्यानंतर प्रत्येक झाड बघताना मी आधी मनात तो शब्द लिहायची आणि मग खोडायची.

मी आयुष्यात पाइन पाहिलेला नव्हता. अजूनही नाही. शाळेत इंग्लिशच्या पुस्तकात पाइन होते, बर्फ होता, डॅफोडिल्स होती; खिडकीबाहेर बदाम आणि ट्रान्सफॉर्मर. आम्ही ते सगळं स्पेलिंगसकट पाठ केलं. त्यामुळे पाइन म्हणजे काय हे मला माहीत आहे असं मला वाटायचं. चित्रं समोर आली तेव्हा कळलं की मला फक्त शब्द माहीत होता. एका बुधवारी ऑफिसातून निघाल्यावर घोडबंदर रोडच्या एका नर्सरीत गेले. विचारायला पाच मिनिटं लागली. आधी दोन कुंड्या उगाच उचलून बघितल्या.

"पाइन आहे का?"

नर्सरीवाल्याने ख्रिसमस ट्री दाखवलं. सरळसोट, फांद्या मोजून मापून लावल्यासारख्या.

"हा पाइन नाही ना?"

"मॅडम, डिसेंबरमध्ये हाच पाइन," तो म्हणाला. "सगळे हाच नेतात. पाणी कमी घाला. आणि जानेवारीत गच्चीत टाकू नका, तेवढं बघा."

मी न घेता परत आले. चित्रातल्या झाडांत आणि त्या कुंडीत काहीच नातं नव्हतं. चित्रातला पाइन कधी सरळ नसतो. तो कड्यातून बाहेर पडतो, खाली वाकतो, मग काहीतरी आठवल्यासारखा वर वळतो. खोडाची साल लहान लहान गोलांनी काढलेली, माशाच्या खवल्यांसारखी. सुयांचे झुबके कधी पंख्यासारखे, कधी सायकलच्या चाकातल्या तारांसारखे. सगळ्या रेघा एका मध्याशी मिळणाऱ्या आणि प्रत्येक रेघ एकदाच मारलेली. शाई कागदात लगेच मुरते, खोडता येत नाही. स्क्रीनवर खूप मोठं करून पाहिलं तर कळायचं की चित्रकाराचा ब्रश कुठे कोरडा पडत आला होता आणि कुठे त्याने परत शाईत बुडवला. म्हणजे कित्येक शतकांपूर्वीच्या एका माणसाने नेमका कुठे हात उचलला ते डोंबिवलीच्या दुसऱ्या मजल्यावर मला दिसत होतं. हे साठ शब्दांत बसत नव्हतं.

बाबा त्या आधीच्या पावसाळ्यात गेलेले. ऑगस्टमध्ये, दोन दिवसांत. त्याबद्दल मी फार लिहिणार नाही. एवढंच सांगते की घरात आम्ही दोघीच उरलो, आणि आम्हा दोघींना एकमेकींशी बोलायची सवय नव्हती. आम्ही दोघी बाबांशी बोलायचो. जेवताना आई म्हणायची, "वाढू?" मी म्हणायची, "नको." भांडण काही नव्हतं. मधला माणूस उठून गेल्यावर दोन पाहुणे सोफ्यावर बसून राहतात, तसं होतं.

आई दुपारी मटार सोलायला बाबांच्या खुर्चीत बसायची. ती खुर्ची माझ्या टेबलाशेजारी होती, कारण ऊन तिथेच येतं. एकदा तिने मान वळवून स्क्रीनकडे पाहिलं.

"सुरूची झाडं का गं?"

आई अलिबागकडची. तिच्या माहेरी समुद्राला लागून सुरूचं बन आहे. लहानपणी मीही त्या बारीक पानांच्या गाद्यांवर बसलेय.

"सुरू नाही. पाइन. चीनमधले."

"असतील. पण वाऱ्याने वाकलेत सुरूसारखेच." ती परत मटारकडे वळली. मग जरा वेळाने, "आणि हा कोण?"

"कुठे?"

"अगं हा. झाडाखाली बसलाय तो."

मी झूम केलं. खोडाच्या खाली, दगडाच्या मागे, मटाराच्या दाण्याएवढा एक माणूस होता. पाच-सहा रेघांचा. डोक्यावर काहीतरी बांधलेलं, गुडघे जवळ घेतलेले. मी ते चित्र दोन दिवसांपूर्वी लिहून पाठवलं होतं. शेवटचं वाक्य होतं, चित्रात माणसं नाहीत.

त्या संध्याकाळी मी आधीची सगळी चित्रं परत उघडली. आई चष्मा लावून बसली. मी पुढे सरकवायची आणि ती बोट ठेवायची. "हा बघ, पुलावर." "इथे झोपडीत दोघं आहेत, एक पाठमोरा." "इथे नाही कोणी. थांब. आहे, होडीत." पंचवीसेक चित्रांत मी माणसं नाहीत असं लिहून ठेवलं होतं, आणि प्रत्येकात कोणी ना कोणी निघालं. मला फक्त झाड दिसलं होतं. दृष्टी माझी चांगली आहे. पण खोलीत शिरल्यावर आधी खिडकी बघायची, माणसांकडे नंतर, जमलं तर, अशी माझी सवय आहे. ती इथेही नडली. ऋतुजाला मेल केला की काही दुरुस्त्या पाठवतेय. तिचं उत्तर आलं, "गुड कॅच." कॅच माझा नव्हता हे मी तिला सांगितलं नाही.

मग ते रोजचंच झालं. जेवण आवरलं की आई खुर्चीत, मटार नसला तर गवार, गवार नसली तर नुसतीच. चित्र बघायला तिला कोणी शिकवलेलं नव्हतं आणि शब्दमर्यादा नव्हती. एका झाडाची मुळं दगडाला धरून उघडी पडली होती. ती म्हणाली, "याचे पाय उघडे पडलेत बघ, थंडीचे." एकात पाइनखाली बसलेला म्हातारा मान तिरकी करून बसला होता. "ऐकतोय," आई म्हणाली.

"काय?"

"वारा. सुरूत वारा शिरला की समुद्र आत आल्यासारखं वाटतं. रात्री झोप लागत नाही नवीन माणसाला."

मी लिहिलं, डोकं एका बाजूला कललेला वृद्ध. ऐकतोय असं लिहिलं असतं तर ऋतुजाने विचारलं असतं, कशावरून. नंतर मी संग्रहालयाच्या टिपणांत वाचलं की पाइनमधला वारा ऐकणं हा या चित्रांचा जुना विषयच आहे. शेकडो वर्षं लोक तेच काढत आलेत. आईला ते एका मानेवरून कळलं होतं.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही मोकळ्या जागांवर घालवला. या चित्रांत अर्ध्याहून जास्त जागा कोरी असते.

"इथे काढलंच नाही काही."

"ते धुकं आहे."

"काढलंय कुठे?"

"न काढताच. आजूबाजूचं काढलं की मधे धुकं होतं. बर्फही तसाच. फांदीवरचा तेवढा कागद सोडून द्यायचा."

"म्हणजे तुझ्या रांगोळीसारखं," आई म्हणाली. "अर्धी टाकून उठायचीस." आणि आम्ही दोघी हसलो. बाबा गेल्यानंतर आम्ही एकत्र हसल्याचं मला आठवतं ते हे पहिलंच.

थंडीत बाकीची झाडं उघडी पडतात, पाइन हिरवा राहतो, म्हणून त्या लोकांना त्याचं इतकं कौतुक. आमच्याकडे कुठलंच झाड थंडीत मरत नाही. येऊरच्या डोंगरावरचा साग तेवढा पानं टाकतो आणि तोही फेब्रुवारीत. टिकून राहण्यात विशेष काय आहे ते आम्हाला बाहेर बघून कळणार नाही, घरात बघावं लागतं. त्या दिवसांत आई पहाटे साडेपाचला उठून दोन माणसांचा डबा करायची, बाबा असताना करायची तसाच, मी घरीच असले तरी. डबा भरून झाकण लावून ओट्यावर ठेवायची. अकराला मी तो उघडून जेवायची.

चित्रांवर लाल शिक्के असायचे. चौकोनी, काही गोल. एखाद्यावर दोन, एखाद्यावर पंधरा, अगदी झाडाच्या डोक्यावर, आकाशात, कुठेही. ते मोजून लिहावे लागायचे. आईने विचारलं, घाण का केलीय. मी तिला वाचून दाखवलं: ही चित्रं भिंतीवर कायमची लावत नसत. गुंडाळून पेटीत ठेवायचे. ऋतू आला, किंवा कोणी जिव्हाळ्याचं घरी आलं, की बाहेर काढून उलगडायची, बघायची, परत गुंडाळायची. ज्याच्याकडे चित्र गेलं, ज्याने मन लावून पाहिलं, तो आपला शिक्का त्यावर उमटवून जायचा. कोणी शेजारी चार ओळीही लिहायचा. पुढच्याला कळायचं की आपल्याआधी कोण कोण इथे येऊन गेलं.

आई शिक्क्यांकडे बघत राहिली. "म्हणजे आल्यागेल्याने कुंकू लावून जायचं," ती म्हणाली.

मी पुढचं चित्र उघडलं, कारण त्याच सकाळी सामंत काकू येऊन गेल्या होत्या.

सामंत काकू आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. संक्रांतीनंतरचं त्यांचं हळदीकुंकू आमच्या बिल्डिंगमधलं सगळ्यात मोठं. आई दरवर्षी त्यांच्याकडे दुपारपासूनच जायची, वाणाच्या वस्तू लावायला, तिळाच्या वड्या पाडायला. त्या सकाळी काकू दारातच उभ्या राहिल्या. आई स्वयंपाकघरात होती. नळ चालू होता, तो बंद झाला.

"संध्याकाळी ये हां गं तू," काकू मला म्हणाल्या. "सातपर्यंत."

"हो," मी म्हणाले.

त्या लगेच गेल्या नाहीत. चौकटीला हात लावून उभ्या राहिल्या. चपला बघितल्या, भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. मला काय बोलायला हवं ते मला माहीत होतं. दोन शब्द होते: आणि आई? मराठीत म्हणू की इंग्लिशमध्ये असा एक वेडा विचारही आला, जसं काही भाषेचा प्रश्न होता. मग काकू म्हणाल्या, "बरं मग," आणि जिना चढून गेल्या. आत नळ परत सुरू झाला.

दुपारी आपण होऊन आईने कपाटातून तिची काळी साडी काढली. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला बाबांनी घेतलेली, बारीक पांढऱ्या ठिपक्यांची. एरवी काळं नको म्हणणारं आमचं घर या एका सणाला काळं नेसतं. "ही नेस," ती म्हणाली. "ड्रेस घालून नको जाऊस." तिने मला साडी नेसवली. निऱ्या करताना ती खाली बसली होती आणि मला फक्त तिचा भांग दिसत होता.

वर पंधरा-वीस बायका होत्या. "अगदी आईसारखी दिसतेस," असं तिघींनी सांगितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं. काकूंनी मला हळद लावली, कुंकू लावलं, हातात बोरं, घाटे, तिळाची वडी, आणि वाण म्हणून चहाची स्टीलची गाळणी दिली. "आई कशी आहे?" त्यांनी हळू विचारलं. मी म्हणाले, "बरी आहे." कुंकवाचं बोट तसंच उचललेलं ठेवून त्या क्षणभर थांबल्या. मी गाळणीकडे बघत होते.

घरी आले तर आई खुर्चीत बसली होती. कंप्यूटर बंद होता.

"कोण कोण होतं?"

"सगळ्या होत्या."

"वाण काय दिलं?"

"गाळणी."

"काकूंनी वड्या कशा केलेल्या? मऊ की कडक?"

"चांगल्या होत्या."

ती माझ्याकडे बघत राहिली. ज्यांना दिसत नाही अशा माणसांना मी दिवसभर सांगते, डावीकडे काय आहे, उजवीकडे काय, शाई कुठे गडद आहे. आणि माझी आई, जी एक मजला चढून जाऊ शकत नव्हती, तिला मी साठ शब्दसुद्धा दिले नाहीत. कोणी कुठली साडी नेसली होती, काकूंच्या नव्या सुनेने बांगड्या किती वेळा वर सारल्या, आईच्या नेहमीच्या जागी कोण बसलं होतं आणि ती जागा कोणीतरी बसेपर्यंत बराच वेळ मोकळीच राहिली होती, हे सगळं मला दिसलं होतं. मी फक्त म्हणाले, "मी साडी बदलते."

फेब्रुवारीच्या आधीच पाइन संपले. नंतर जुनी नाणी आली, मग खुर्च्या. आईने नाण्यांकडे एकदोन वेळा पाहिलं, "यात काय बघायचं," म्हणाली, आणि टीव्हीसमोर बसायला लागली. मी तिला थांब म्हणाले नाही. ऊन तसंच यायचं, रिकाम्या खुर्चीवर पडायचं आणि चारला निघून जायचं. वर्षभर मी कामातली कितीतरी झाडं, भांडी, शिल्पं बघितली. प्रत्येक वेळी माणसं नाहीत असं लिहिण्याआधी दोनदा शोधलं. कोणी बोट ठेवणारं शेजारी नव्हतं.

परवा सामंत काकू परत आल्या. दार मीच उघडलं. आई आत पोळ्या लाटत होती. पोळपाटाचा आवाज थांबला.

"संध्याकाळी ये हां," काकू म्हणाल्या.

मी चौकटीकडे बघत म्हणाले, "आई पण आहे घरात."

मला एवढंच जमलं. त्यात प्रश्न नव्हता, आग्रह नव्हता. दिसतं ते सांगितलं.

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "आहे ना? मग सांग की तिला." आणि आवाज चढवून आत म्हणाल्या, "ऐकलंत का हो? दुपारीच या. वड्या माझ्या एकटीच्याने होत नाहीत. मागच्या वर्षी दगड झालेल्या, कोणी तोंडावर बोललं नाही एवढंच."

आई हात पुसत बाहेर आली. पीठ मनगटापर्यंत होतं.

"मागच्या वर्षी पण मी इथेच उभी होते," काकू म्हणाल्या. आता त्यांचा आवाज खाली आला होता. "ही काही बोलेना. मला वाटलं, तुम्हालाच नको असेल. विचारायचं तरी कसं माणसाने?"

"मला वाटलं तुम्हाला," आई म्हणाली, आणि वाक्य तिथेच सोडलं.

"आणि कुंकू लावणार मी. आधीच सांगते. नंतर हात धरायचा नाही."

आईने मनगटावरचं पीठ पुसलं. "बघू," ती म्हणाली. मग, "लावा."

दुपारी तीनला ती गेली. जाताना विचारलं, "तू येशील ना सातला?" मी म्हणाले, काम आहे. काम नव्हतं. त्या खोलीत मी गेले असते तर सगळ्यांनी आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघितलं असतं, आणि ती संध्याकाळ तिची एकटीची असावी असं मला वाटलं. हे खरं आहे, पण पूर्ण खरं नाही. मला वर जायची भीती वाटत होती. ती या वर्षीही होतीच.

साडेसात झाले, आठ झाले. छतातून पावलांचे आवाज येत होते, खुर्च्या सरकत होत्या. एकदा सगळ्या एकदम हसल्या. मग एकच आवाज बोलत राहिला, बराच वेळ, आणि बाकीच्या ऐकत होत्या. तो आईचा होता. काय सांगत होती ते कळत नव्हतं. इतकं सलग बोलताना मी तिला घरात कधी ऐकलं नव्हतं. मी दिवा न लावता तिच्या दुपारच्या खुर्चीत बसले. आठ वाजून गेले तरी ती खाली आली नाही. पोळ्या गार होत होत्या. मी उठून दाराची कडी काढली आणि दार नुसतं लोटून ठेवलं.